किनाऱ्यावर पाय ठेवण्याचे मोल

हिवाळ्याच्या हंगामात मुरगाव बंदरात परदेशी क्रूझ जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि बहुधा त्याच संध्याकाळी निघून जाते. मधल्या आठ-दहा तासांत प्रवासी जुन्या गोव्यातील चर्च पाहतात, मंगेशीला जाऊन येतात, काजूची खरेदी करतात आणि रात्रीच्या जेवणाला पुन्हा जहाजावर हजर असतात. या पाहुण्याला आपल्या भूमीवर मुक्काम करायचा नसतो की चाकरी शोधायची नसते. त्याचे ताट, अंथरूण आणि परतीची वाट ही सारी बंदरातच उभी असतात. अशा माणसाकडून प्रवेशाचे मोल घेण्याचा अधिकार यजमानाला कोणत्या तत्त्वावर मिळतो? व्हिसाची फी हा प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकातला विषय वाटेल. परंतु त्याच्या तळाशी नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न आहे.

प्रथम व्यवहार पाहू. शेंगेन देशांत जाऊ इच्छिणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला जून २०२४ पासून अल्पमुदतीच्या व्हिसासाठी ९० युरो मोजावे लागतात. त्यापूर्वी ८० युरो पुरत. बार्सिलोनाहून निघालेले जहाज ट्युनिसला थांबून पुन्हा इटलीच्या बंदरात शिरणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. शेजारच्या केबिनमधील अमेरिकन प्रवाशाला मात्र असा कोणताच व्हिसा काढावा लागत नाही. जहाज एक, बंदर एक, उतरण्याची शिडीही एकच. मोल तेवढे पारपत्राच्या रंगावरून ठरते.

येथे युरोपकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. समुद्रमार्गे येणाऱ्यांसाठी आपला ई-व्हिसा मुरगावसह निवडक बंदरांत चालतो आणि त्याचे शुल्कही पाहुण्याच्या देशानुसार बदलते. मुत्सद्देगिरीच्या भाषेत याला परस्परता म्हणतात. तुम्ही आमच्या माणसाकडून घेतले, म्हणून आम्ही तुमच्या माणसाकडून घेतो, हा न्याय दोन सरकारांमध्ये शोभेलही. परंतु ज्याने कोणाकडून काही घेतलेलेच नाही, त्या प्रवाशाला तो कसा लावायचा?

सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला या ठिकाणी कर आणि शुल्क यांतील भेद आठवल्यावाचून राहत नाही. शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये तो विशद केला: कर सामायिक गरजांसाठी घेतला जातो, शुल्क मात्र एखाद्या विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात. पुढील निकालांनी हे बंधन पुष्कळ सैल केले, हे खरे. तथापि त्यामागील नैतिक जाणीव पुसली गेलेली नाही. अलास्कातील जुनो बंदरात क्रूझ प्रवाशांमागे घेतल्या जाणाऱ्या रकमेवरून असाच वाद झाला. हा पैसा जहाजांना मिळणाऱ्या सेवेवरच खर्च व्हावा, असे तेथील न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले.

व्हिसा नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही, याबद्दल अनेकजण चिडतात. मला ती चीड रास्त वाटत नाही. शुल्क छाननीचे असते आणि अर्ज मंजूर होवो वा न होवो, छाननीचे श्रम तेवढेच पडतात. खरा प्रश्न छाननी कशाची होते हा आहे. बँकेतील शिल्लक, नोकरीचे पत्र, मालमत्तेचे उतारे, सारे काही एकाच शंकेपोटी मागितले जाते: हा मनुष्य परत जाईल ना? म्हणजे आपल्यावरच्या संशयाच्या तपासाचा खर्च अर्जदार स्वतःच भरत असतो. पोलीससुद्धा तपासाचे बिल संशयिताला पाठवीत नाहीत.

यजमानाला स्वतःचे असे काही संरक्षण नसावे, असे मात्र मी म्हणणार नाही. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी येऊन-जाऊन करणाऱ्या पर्यटकांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. लक्षद्वीपला जायचे तर बाहेरच्या भारतीयालाही १९६७ च्या नियमांनुसार परवाना लागतो; कारण चिमुकल्या बेटांवरील अनुसूचित जमातींच्या जीवनाला गर्दीपासून जपायचे असते. या दोन्ही गोष्टी मला गैर वाटत नाहीत. गर्दीचा भार त्या जागेला सोसावा लागतो, आणि व्हेनिसचे ५ युरो घेताना पाहुणा जपानचा की नायजेरियाचा, हे कोणी पाहत नाही.

इमॅन्युएल कांटने १७९५ च्या आपल्या शाश्वत शांततेवरील निबंधात या प्रश्नाची सीमारेषा आखून ठेवली आहे. परक्या भूमीत पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क कोणालाही नाही; परंतु शांतपणे भेटीला येण्याचा आणि आल्याबद्दल शत्रू न ठरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे माणसे अमर्याद दूर जाऊ शकत नाहीत. एकमेकांना सोसणे त्यांना भागच आहे. भेटीच्या नावाखाली देश जिंकणाऱ्या युरोपियनांवर त्याने कठोर टीका केली आहे. (१५१० मध्ये आमच्याकडे आलेले पाहुणे १९६१ पर्यंत राहिले, त्यामुळे हा भाग गोमंतकीय वाचकाला समजावून सांगायला नको.) कांटची एक अट मात्र निर्णायक आहे. आगंतुकाला परत पाठवता येते, पण त्यात त्याचा नाश होणार नसेल तरच.

‘सेंट लुई’ जहाजाच्या बाबतीत ही अट पायदळी तुडवली गेली. १३ मे १९३९ रोजी हॅम्बुर्गहून निघालेल्या या जर्मन जहाजावर ९३७ प्रवासी होते. बहुतेक सारे नाझी राजवटीतून सुटू पाहणारे ज्यू. त्यांच्याजवळ क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरण्याचे परवाने होते. एका क्यूबन अधिकाऱ्याने ते विकून आपली तुंबडी भरली होती. जहाज निघण्यापूर्वीच क्यूबाच्या सरकारने ते रद्द ठरवले, आणि लेखी मंजुरीबरोबरच ५०० डॉलरचे तारणही मागितले. अमेरिकन पर्यटकांना मात्र तारणाची सूट होती! हवानात अवघ्या २८ जणांना उतरू दिले. अमेरिकेनेही दार उघडले नाही आणि जहाज युरोपला परतले. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे मारले गेले. ज्याला घरी परतण्याची मुळीच अडचण नाही त्याला तारण माफ, आणि ज्याला परतीची वाटच नाही त्याच्याकडून ते मागायचे. आजच्या व्हिसाच्या अर्जातील ‘परत जाईल ना?’ हा प्रश्न याच जातीचा आहे.

क्रूझ जहाजावर प्रवाशांपलीकडेही माणसे असतात. सासष्टीतील किती घरांची चूल तारवट्यांच्या कमाईवर पेटते, हे आम्हा गोवेकरांना ठाऊक आहे. व्हिसाचा खर्च खलाशावर लादू नये, तो जहाजमालकाने सोसावा, असे २००६ च्या सागरी कामगार करारात स्पष्ट म्हटले आहे. एवढा न्याय कागदावर तरी झाला. खलाशाला बंदरात घटकाभर उतरण्यासाठी व्हिसा मागू नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००३ च्या ओळखपत्रविषयक करारात आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. अमेरिकेने अद्याप स्वीकारलेला नाही. खलाशांच्या संपूर्ण यादीवर एकच व्हिसा देण्याची जुनी पद्धतही तिने २००४ मध्ये बंद केली. तेव्हापासून तेथील बंदरात ज्याच्याजवळ स्वतःचा व्हिसा नाही, तो तारवटी प्रवाशांच्या बॅगा खाली पोहोचवतो आणि शिडीच्या वरच्या टोकाशीच थांबतो.