कर्ता कोण?

म्हैसूरमधल्या एका मराठी कुटुंबासाठी अलीकडेच मी एक कन्नड सूचनापत्रक मराठीत करून दिले. सेरेब्रल पाल्सीमुळे मान न धरणाऱ्या, गिळताना घास श्वासनलिकेत जाणाऱ्या मुलाची छाती घरी कशी मोकळी करावी, याच्या त्या सूचना. कुशीवर निजवावे. तळहाताची पोकळ वाटी करून बरगड्यांवर थापट्या द्याव्यात; कण्यावर, पोटावर देऊ नयेत. जेवणानंतर लगेच करू नये. सुटलेला कफ यंत्राने ओढून घ्यावा. मुलाला स्वतः जोरात खोकता येत नाही, म्हणून हा खटाटोप. कफ साठला तर न्यूमोनिया होतो, आणि अशा मुलांच्या मृत्यूचे ते एक मोठे कारण आहे.

भाषांतर सोपे गेले. कन्नडमधला 'बेकु' आणि मराठीतला 'द्याव्यात', दोघांनाही कर्ता लागत नाही. थापट्या द्याव्यात, कोणी, ते लिहिलेले नाही. 'घरी' या शब्दाने ती जागा भरली जाते, आणि घरी म्हणजे बहुधा आई.

म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत गिळण्याच्या दोषांवरही उपचार होतात. पण तपासणीचा तास संपतो आणि उरलेले तेवीस तास घराचे असतात. घरच बरे, हेही खरे. प्रवासाची दगदग टळते, आणि ज्या हाताने थोपटून निजवले तो हात मूल ओळखते. आई हे प्रेमाने करते, मग हिशेब कशाला, असे कोणी विचारील. हिशेब प्रेमाचा नाही. पत्रकात गायब असलेला कर्ता एकदाच प्रकट होतो: मुलाला ताप आला की. "काल केलं नाहीत का?" श्रेय बिनकर्त्याचे आणि दोष मात्र द्वितीय पुरुषी, ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या केली. मोबदला घेणारे वा न घेणारे, आईवडीलही तीत येतात. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद आहे, सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आईच्या कुवतीला मर्यादा असते, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही.

पत्रक देणाऱ्यांना विचारून मी शेवटी एक ओळ घातली: 'घरातल्या निदान दोघांनी हे शिकून घ्यावे, आणि दमलेल्याने त्या दिवशी विश्रांती घ्यावी.' मुळात ती नव्हती. भाषांतरकाराने इतके करावे का, हा प्रश्न माझ्यापुरता अजून सुटलेला नाही.