ठोका कोणाचा?



पेसमेकर बसवून घेणं म्हणजे प्रारब्धाला आडवं जाणं का? ही शंका आपल्या दत्तभक्त मंडळींत पुष्कळदा ऐकू येते. म्हातारपणी बसवला तर कोणी फार बोलत नाही. पण पन्नाशीच्या आत ‘हार्ट ब्लॉक’ निघाला, की घरचेदारचे म्हणू लागतात, “आधी गुरुचरित्राचा सप्ताह करा, मग बघू.” मला ४९व्या वर्षी हेच ऐकावं लागलं, आणि शंका माझ्याही मनात होतीच.

या ब्लॉकमध्ये रक्तवाहिनी तुंबलेली नसते. पुष्कळांचा तिथेच घोटाळा होतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून विजेची बारीक लहर निघते, ती खालच्या कप्प्यांपर्यंत पोचली की ठोका पडतो. मधली वाट पुरती बंद झाली, की खालचे कप्पे आपल्या संथ चालीने मिनिटाला तीस-चाळीस ठोके कसेबसे देतात. माणूस उभ्याउभ्या कोसळतो. जपाने मन स्थिर होतं, हा माझा अनुभव. पण म्हणून वैद्याकडे जाऊ नये, असं सद्गुरूंनी कुठे सांगितलंय?

गुरुचरित्रात पोटशूळाने गांजलेला ब्राह्मण जीव द्यायला निघतो. श्रीनृसिंहसरस्वती त्याला ‘भोग आहे, भोग’ म्हणून सोडून देत नाहीत. त्याला थांबवतात, सायंदेवांच्या घरी जेवायला बसवतात. कृपा महाराजांचीच, पण ती आली दुसऱ्याच्या घरच्या ताटातून.

कोणी अवधूताच्या चोवीस गुरूंतल्या अजगराचा दाखला देतात: जे आपसूक येईल तेवढंच घ्यावं. मग डॉक्टरही आपसूकच भेटले की! आणि चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत थांबत नाही. हा देहही माझा गुरू, विवेक आणि वैराग्य यानेच शिकवलं, असं भागवताच्या अकराव्या स्कंधात तो यदुराजाला सांगतो. ज्याच्याकडून शिकायचं, त्याला चक्कर येऊन पडू द्यायचं, हे कसलं वैराग्य?

शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या गृहस्थांना मिळाला. वय ४३. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे वीसहून अधिक यंत्रं बदलावी लागली. २००१ साली, ८६व्या वर्षी ते गेले. बसवणारे डॉक्टर आणि घडवणारे अभियंते, दोघेही त्यांच्या आधी गेले होते. आता यातलं प्रारब्ध कुठलं आणि यंत्र कुठलं, वेगळं काढून दाखवा!

मला खरी बोच होती ती निराळी. यंत्राच्या जोरावर जगणारा तो मी कसला? रात्री हात छातीकडे जायचा, कॉलरबोनखालचा तो उंचवटा चाचपायचा. पण पेसमेकर हृदयावर लक्ष ठेवून असतो. ठोका आपणहून आला तर तो गप्प राहतो. ठरल्या वेळेत नाही आला, तरच लहर सोडतो. हे कळल्यावर विचार आला, की यंत्राआधीचा ठोका तरी मी कुठे देत होतो? एकोणपन्नास वर्षं झोपेत, जागेपणी, रागात, आरतीत तो चालला, आणि एकदाही मला विचारून नाही. तेव्हा देणाऱ्याची आठवण झाली नाही, कारण बॅटरी कधी संपणार ते कोणी लिहून दिलं नव्हतं.

यंत्रामुळे मरण अडकून पडेल, अशी भीती काहींना असते. तसं होत नाही. स्नायूच थकला, की लहर जाऊनही ठोका उमटत नाही. एक मात्र घरच्यांना सांगून ठेवायला हवं: दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, नाहीतर आगीत फुटतो. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, “सणाचं हे काय बोलणं!” मग पाकिटात पेसमेकरचं कार्ड असतं ना, त्यामागे चिठ्ठी लिहून ठेवली. शेजारी गाणगापूरच्या पादुकांचा फोटो आहे.