मापाचे आटे

मृगात पेरणीयंत्राचा खोली जुळवायचा दांडा आट्यात घसरू लागला. कारंज्याला लेथवर नेला. म्हटलं, "जुन्या नटात बसन असे आटे पाड."

लेथवाला म्हणे, "भाऊ, आज बसन. पण नट हारपला तं दुसरा कोनताच बसनार नाही. मापाचे पाडतो, नटही नवा करतो."

एका घावात आटा पडत नाही. हत्यार त्याच खाचेत पुन्हा पुन्हा फिरतं. दिवस गेला. वाफसा जाईल म्हणून मी चिडलो.

1841 साली इंग्लंडात व्हिटवर्थनं आट्यांचं एक माप सुचवलं. तोवर कारखान्यागणिक आटे वेगळे. आपलं खरंखोटंही तसंच. आपल्या झिजल्या सोयीनं कातलं की आपल्यापुरतं बसतं, दुसऱ्या कोणाशी जुळत नाही. तो दिवस गेल्याचं अजून वाटतं; पण चूक माझीच होती.