पशूच्या जिवाची जाण

झोप लागत नाही म्हणून गेले काही महिने मी रात्री दुधातून अश्वगंधेचे चूर्ण घेत आहे. शतकानुशतके आयुर्वेदाला ठाऊक असलेले हे मूळ. हल्ली मात्र ते शास्त्रीय कसोटीला उतरलेले आहे, अशी ग्वाही डबीवर छापलेली असते. ही कसोटी कोणाच्या जिवावर घेतली गेली, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

सन २००० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांचा अश्वगंधेवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी तिच्या मुळातील घटक उंदरांना ५ दिवस देऊन त्यांची चिंता व निराशा मोजली. चिंता मोजण्यासाठी अधिकाच्या चिन्हासारखी एक उंच चौकट असते. तिच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. भ्यालेला उंदीर भिंतींच्या आड दडतो; औषध लागू पडले तर उघड्यावर येतो. निराशेची कसोटी १९७७ साली पोर्सोल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. उंदराला पाण्याच्या उभ्या पात्रात सोडतात. बाहेर पडायला वाट नसते. तो धडपडतो आणि अखेर हातपाय गाळून नुसता तरंगत राहतो. ते निश्चल क्षण घड्याळ लावून मोजले जातात.

येथे एक पेच आहे. उंदराची भीती आपल्या भीतीसारखी मुळीच नसेल, तर या प्रयोगातून आपल्याविषयी काहीच कळणार नाही. ती आपल्यासारखी असेल, तर आपण जाणूनबुजून एका जिवाला भयभीत करीत आहोत. प्रयोगाला अर्थ देणारी गोष्टच त्याला दोषही देते.

याला उत्तर आहे, आणि ते हलके लेखू नये. चिंतेने पोखरलेल्या माणसाचे दुःख खरे आहे. अपरिचित रसायन प्रथम माणसालाच द्यावे, असे कोण म्हणेल? शिवाय वनस्पती जुनी आहे एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही. परंतु लोक पिढ्यान्‌पिढ्या पोटात घेत आलेल्या मुळाने मन शांत होते काय, हे माणसालाच विचारता येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हैदराबाद येथील चाचणीत ६४ तणावग्रस्त व्यक्तींवर ६० दिवस असाच अभ्यास झाला. त्या व्यक्तींनी स्वतः होकार दिला होता. उंदराला होकार वा नकार देता येत नाही.

नीतिसूत्रे १२:१० चे भाषांतर करताना नीतिमान मनुष्य आपल्या पशूची काळजी घेतो, असा अर्थ आपण आणतो. मूळ हिब्रू क्रियापद ‘यादा’ आहे. त्याचा साधा अर्थ जाणणे. आणि पशूच्या जिवासाठी तेथे आलेला ‘नेफेश’ हाच शब्द माणसाच्या जिवासाठीही येतो. म्हणजे नीतिमान मनुष्य पशूचा जीव जाणतो. प्रयोगशाळेलाही तो जाणायचाच असतो. परंतु एक जाणणे मोजून थांबते, दुसरे जबाबदारी स्वीकारते. त्याच वचनाचा उत्तरार्ध दुष्टांची दयाही क्रूर असते, असे बजावतो. माणसावरील आपल्या दयेची अशी गत होऊ नये, ही काळजी आपणच घ्यायची आहे.

शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, हे आपल्या देशाच्या १९६० च्या कायद्यातही आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने तर २०२४ साली पाण्यातील त्या कसोटीवर कायद्याने बंदी घातली.

चूर्ण मी सोडलेले नाही, हे कबूल केले पाहिजे. पण एखाद्या रुग्णाचा जीव वाचावा म्हणून केलेला प्रयोग आणि डबीवर एक ओळ छापता यावी म्हणून केलेला प्रयोग, यांना एकाच तराजूत घालायला माझे मन आता तयार होत नाही. माझ्या शांत झोपेसाठी दुसऱ्या जिवाने किती भ्यावे, याचा हिशेब मलाही द्यावा लागेल.