गाडीचा जीव कशात असतो?

कोलकात्याच्या मल्लिकबाजारात गाडी सुट्या भागांत मिळते. दरवाजा हवा? घ्या. गिअरबॉक्स? तोही आहे. समजा, कुणी एका जुन्या फोक्सवॅगन बीटलची चासी घेतली, वरचा सांगाडा उतरवला आणि तिच्यावर पॉर्श ३५६ स्पीडस्टरसारखी दिसणारी फायबरग्लासची बॉडी चढवली. इंग्लंड-अमेरिकेत हा उद्योग कित्येक दशके चालला आहे. जिची हाडे वापरली ती ‘डोनर’, तयार झाली ती ‘रेप्लिका’. अशी गाडी बेलतळ्याच्या मोटार वाहन कार्यालयात उभी राहिली, तर रोड टॅक्स ठरवणारा कारकून विचारणारच: ही जन्मली कधी? बीटल कारखान्यातून निघाली त्या साली, की परवा गॅरेजमध्ये?

प्रश्न टेबलावरचा दिसतो, पण आहे फार जुना. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला हेच विचारतो. महाराज रथातून आले ना? मग आस म्हणजे रथ का? चाके? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी दोघांचे जमते ते एवढ्यावर, की या सगळ्या भागांच्या आधाराने व्यवहारासाठी ठेवलेले नाव म्हणजे रथ; त्यापलीकडे आत कुणी बसलेले नाही.

नैयायिकांना हे कधीच पटले नाही. कोलकात्याच्या उत्तरेला, भागीरथीकाठच्या नवद्वीपात नव्यन्यायाची मोठी परंपरा रुजली. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवांहून निराळा ‘अवयवी’ खरोखरच असतो. पण एखादा अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उपजतो. तर्क बिनतोड आहे. फक्त तो आरटीओत लागू केला, तर बंपर बदलणाऱ्या प्रत्येकाला नवे आरसी बुक काढावे लागेल!

कायद्याने मग मधली वाट काढली. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ म्हणते, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू नका. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. कलम ५५ मध्ये गाडीच्या मरणाचीही सोय आहे: ती नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, की नोंदणी रद्द. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी असेल, तर ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. आपली बीटल-पॉर्श इथे दारातच अडते. चासी पन्नाशी ओलांडलेली असली तरी बॉडी कालची.

रेप्लिकावाल्याकडे एक जोरदार प्रतिवाद मात्र आहे, आणि तो पुरीहून येतो. जगन्नाथाच्या नवकलेवरात जुन्या दारुमूर्तींतला ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळे बांधलेले दैतापती सेवक नव्या मूर्तींत ठेवतात. १९९६ नंतर हा विधी २०१५ मध्ये झाला. लाकूड नवे, देव तोच. मग चासी तीच असताना गाडी दुसरी कशी? उत्तर असे, की जगन्नाथ नव्या देहातही जगन्नाथाच्याच रूपात येतो. बीटल मात्र परक्या रूपात येते, आणि नोंद सोयीपुरती जुनी मागते.

गंमत म्हणजे खुद्द पॉर्शही याच खोडीची. १९४८ च्या पहिल्या ३५६ मध्ये इंजिन आणि सस्पेन्शन बीटलकडूनच आले होते. तरी तिला कुणी नक्कल म्हणत नाही, कारण ती दुसऱ्या गाडीचे नाव सांगत नव्हती.

एल्गिन रोडवरच्या नेताजी भवनात १९३७ ची वाँडरर उभी आहे. जानेवारी १९४१ मध्ये नजरकैदेतून निसटताना सुभाषबाबूंना शिशिरकुमार बोस याच गाडीतून गोमोपर्यंत घेऊन गेले. तिचे जीर्णोद्धारित रूप जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी लोकांसमोर आणले. उद्या कुणी अँबेसेडरच्या चासीवर हुबेहूब वाँडरर उभारली, तर तिच्यासमोर कुणी हात जोडणार नाही. लोकांचा आदर असतो तो न तुटलेल्या इतिहासाला. रोड टॅक्स मात्र इतिहासावर नसतो. आज रस्ता वापरणाऱ्या यंत्रावर असतो. या दोन हिशेबांची सरमिसळ झाली की वाद पेटतो.

ब्रिटनने त्यांची फारकत करून पाहिली. तिथे अनेक वर्षे फेरबदल केलेल्या गाडीला गुण मोजले जात: चासीला पाच, इंजिनाला अवघा एक. मूळ किंवा तशीच नवी चासी आणि किमान आठ गुण असले तर जुना क्रमांक टिकायचा. ओळख संशयास्पद असली तर ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक. त्यातून कळायचे एवढेच, की हिचे वय सांगता येत नाही.

भारतात अशी खिडकी नाही. बॉडी बदललेली गाडी एकतर कलम ५२ मध्ये अडकते, किंवा डोनरच्या कागदांवर गुपचूप फिरते, आणि दुसरा प्रकार जास्त घातक. परिवहन मंत्रालयाने हाताने बांधलेल्या अशा गाड्यांसाठी वेगळी नोंद सुरू करावी: सुरक्षेची तपासणी, बांधणीची खरी तारीख, डोनरचा उल्लेख आणि त्या तारखेपासूनचा पूर्ण कर. ‘व्हीए’ क्रमांक मात्र तिला कधीच देऊ नये.