आईची वही

जून २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एपिडायोलेक्स’ला परवानगी दिली आणि इकडे आपल्याकडच्या बऱ्याच छात्यांचा घेर वाढला. लहान मुलांच्या हट्टी अपस्मारावरचं हे औषध गांजाच्या झाडापासून काढलेलं. मग काय, शंकराची भांग, अथर्ववेदातला ‘भंग’, ऋषिमुनींचं विसरलेलं ज्ञान आणि ते पळवणाऱ्या विलायती कंपन्या असा सगळा ऐवज एकाच निरोपात कोंबून तो घरोघरच्या मोबाइलवर जाऊन पोचला. महाशिवरात्र जवळ आली की तो पुन्हा उगवतो.

या निरोपात थोडंसं खरं आहे, आणि तीच त्याची खरी अडचण. निव्वळ थाप असती तर एका फुंकरीत उडाली असती.

अथर्ववेदात ‘भंग’ आहेच, पण तो फिटवरचा इलाज म्हणून नाही. चरकसंहितेत अपस्माराच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात पंचगव्य घृत आहे, ब्राह्मी घृत आहे. भांगेचा पत्ता नाही. आकडी आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणाऱ्या समाजाने मुलांच्या फिटवर अचूक औषध जपून ठेवलं होतं आणि पुढे ते गहाळ झालं, असं मानायला फारच मोठी श्रद्धा लागते.

गांजा आणि मुलांची आकडी यांची गाठ लेखी पडली ती कलकत्त्यात, १८३९च्या सुमारास. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होता. (याच गृहस्थाने पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं विणलं. त्या काळी माणसं एका जन्मात दोन-तीन आयुष्यं उरकत.) गांजाची माहिती त्याने पंडित मधुसूदन गुप्तांसारख्या जाणकारांकडून आणि हकिमांकडून गोळा केली, आधी कुत्र्यांना, शेळ्यांना, माशांना तो देऊन पाहिला आणि मगच माणसांकडे वळला. त्याच्या रुग्णांत चाळीस दिवसांचं एक बाळ होतं, आकड्यांनी बेजार झालेलं. जळवा, रेचकं, अफू, सगळं करून झालं होतं. गांजाच्या अर्काचे थेंब वाढवत नेल्यावर बाळ बरं झालं. ओशॉनेसीला आकडीवरचं मोलाचं औषध हाती लागल्याची खात्री पटली.

पण बाळ एकच होतं. तान्ह्या बाळाच्या आकड्या कित्येकदा आपोआपही थांबतात. थेंबांनी थांबल्या की दिवस भरले म्हणून थांबल्या, हे एका बाळावरून सांगता येत नाही.

पुढचा धागा इस्रायलचा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांनी पोलिसांकडून पाच किलो जप्त चरस मागून घेतली आणि सार्वजनिक बसमधून प्रयोगशाळेत नेली. १९६३मध्ये त्यांच्या गटाने कॅनाबिडायॉल, म्हणजे सीबीडीची रचना उलगडली आणि १९६४मध्ये नशा आणणारा टीएचसी वेगळा काढला. नशा एकाची, आणि आकडीसाठी आशा दुसऱ्याकडून. १९८०मध्ये ब्राझीलमध्ये एलिसाल्डो कार्लिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेशुलाम यांच्यासह एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. सीबीडी घेणाऱ्या आठ रुग्णांपैकी चौघांच्या फिट जवळजवळ थांबल्या, तिघांना थोडा उतार पडला.

आणि मग तीस वर्षं सामसूम. ‘कंपन्यांनी दडपलं’ म्हणणाऱ्यांना इथे जोर चढतो. पण दडपण्यासाठी आधी कुणाला तरी ते हवं असावं लागतं. गांजाचं नाव काढलं की परवाने अडत, अनुदानं आटत. हे सारं कारस्थानापेक्षा अनास्थेचंच काम होतं, आणि अनास्थेला खलनायक सापडत नाही.

कोंडी फोडली ती एका टीव्ही कार्यक्रमाने. ऑगस्ट २०१३मध्ये सीएनएनवर संजय गुप्तांनी कोलोरॅडोतल्या शार्लट फिगीची गोष्ट दाखवली. मुलीला ड्रावे सिंड्रोम हा हट्टी अपस्मार, आठवड्याला सुमारे तीनशे फिट. सीबीडी जास्त असलेलं तेल सुरू झालं आणि फिट जवळजवळ थांबल्या. त्यानंतर अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबं बिऱ्हाड उचलून कोलोरॅडोत दाखल झाली.

तिथल्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा ७५ मुलांच्या नोंदी तपासल्या आणि २०१५मध्ये एक निबंध छापला. या साऱ्या वादात तो सर्वांत कमी वाचला गेला आणि सर्वांत जास्त वाचायला हवा होता. तेल घेणाऱ्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या फिट निम्म्याहून कमी झाल्याचं पालकांनी सांगितलं. उत्तमच. पण डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला : कुटुंब इथलंच, की बाहेरून आलेलं? मूळच्या रहिवाशांत असा गुण सांगणारे २२ टक्के निघाले. औषधासाठी राज्य बदलून आलेल्यांत ४७ टक्के. गुण आलेल्यांपैकी आठ जणांचे ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचे आलेख, उपलब्ध होते. त्यांतला एकही सुधारलेला नव्हता.

झाड तेच, आजारही त्याच जातीचे. फरक होता तो पणाला लावलेल्या संसारात. घर विकून, नोकरी सोडून, आजी-आजोबांना मागे ठेवून आलेल्या आईला ‘फरक पडला नाही’ असं सांगणं किती जड जात असेल! ती खोटं बोलत नव्हती. शांत गेलेला दिवस तिला ठळक दिसत होता आणि वाईट दिवसाला तिच्याकडे कारण तयार होतं : ताप होता, झोप झाली नव्हती.

‘आईला कळत नाही, तर कुणाला कळतं?’ हा भांगवाद्यांचा लाडका सवाल. त्याचं उत्तर कोलोरॅडोने दिलं असं समजून डॉक्टर मंडळी समाधानाने हात झटकू लागली. पण इथेच त्यांची चूक होते, आणि ही चूक भांगवाद्यांच्या चुकीइतकीच मोठी आहे.

मे २०१७मध्ये न्यूयॉर्कचे ओरिन डेविन्स्की आणि सहकाऱ्यांनी शुद्ध सीबीडीची चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. ड्रावेची १२० मुलं आणि तरुण. निम्म्यांना दर किलो वजनामागे रोज २० मिलिग्रॅम सीबीडी, निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रव. सीबीडीच्या गटात महिन्याच्या झटक्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला. दुसऱ्या गटात १४.९ वरून १४.१. आता गंमत पाहा. हे झटके मोजले कुणी? यंत्राने नव्हे. मुलांची देखभाल करणाऱ्यांनी, बहुतेक घरी आईनेच, रोजच्या रोज नोंदवून. आईच्या ज्या साक्षीवर कोलोरॅडोत विश्वास बसला नाही, तिच्यावरच जगातला पहिला भक्कम पुरावा उभा राहिला. मोठा फरक हा की यावेळी आईला बाटलीत काय आहे ते ठाऊक नव्हतं.

कोऱ्या द्रवाच्या गटातही २७ टक्के मुलांच्या फिट निम्म्याने कमी झाल्याची नोंद आहे. सीबीडीच्या गटात ४३ टक्के. आशेचं आणि आपोआपच्या चढउतारांचं वजन केवढं आणि औषधाचं केवढं, हे या दोन आकड्यांत जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं एरवी क्वचितच दिसतं. शिवाय सीबीडीमुळे क्लोबाझाम या फिटवरच्या जुन्या औषधाचं एक क्रियाशील रूप रक्तात वाढतं, त्यामुळे थोडं श्रेय त्या जुन्या गोळीचंही असू शकतं.

‘नैसर्गिक’ म्हणून गळा काढणाऱ्यांनी फेनफ्लुरामीनचीही विचारपूस करावी. ही वजन घटवण्याची गोळी. हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून १९९७मध्ये अमेरिकेच्या बाजारातून हद्दपार झाली. बेल्जियमच्या डॉक्टरांनी ती थोड्या मात्रेत ड्रावेच्या मुलांना देणं नेटाने चालू ठेवलं आणि २०२०मध्ये तिलाही मान्यता मिळाली. तिच्यासाठी कुणी राज्य बदललं नाही. तिला ना वेद, ना शंकर.

तरीही कोलोरॅडोला गेलेल्या आयांची चेष्टा करायचा हक्क कुणालाच नाही. त्या गेल्या नसत्या तर कार्लिनींची चाचणी कदाचित आणखी धूळ खात पडली असती. ज्या घाईमुळे त्यांच्या नोंदी फसव्या ठरल्या, त्याच घाईने खऱ्या चाचणीलाही जोर मिळाला. एपिडायोलेक्स अमेरिकेत आलं तेव्हा त्याचा वर्षाचा खर्च सुमारे ३२,५०० डॉलर होता. आयांच्या धडपडीवर एवढी किंमत चढवणं याला मात्र लूट म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसतं पान बसत नाही, म्हणून आयुषच्या परवान्यावर ‘विजया’च्या, म्हणजे भांगेच्या, पानांचे अर्क विकले जातात. पण अशा बाटल्यांच्या लेबलांवर भरवसा किती? अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलप्रमाणे मात्रा निघाली ती २६ बाटल्यांत. १८मध्ये टीएचसीही सापडला. चाचणीतली मात्रा धरली तर वीस किलोच्या मुलाला रोज ४०० मिलिग्रॅम सीबीडी लागेल. बाटलीत एकूण ५०० मिलिग्रॅम असेल, तर ती सव्वा दिवसात रिकामी.

एवढं वाचूनही कुणी अशी बाटली घरी आणणार असेल, तर तारीख घालून फिट लिहायला आधीच्या महिन्यापासून सुरुवात करावी. मूल क्लोबाझाम किंवा व्हॅल्प्रोएट घेत असेल तर बाटलीची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. पहिल्याबरोबर गुंगी वाढते, दुसऱ्याबरोबर यकृताची विकरं चढतात, आणि त्यासाठी रक्त तपासावं लागतं.