फक्कीच्या रेषा

दिवाळी सरली की चंदगडात बांधकामं सुरू होतात. पावसाळ्यात इथे पाया खणायला घेतला तर दिवसभर पाणीच उपसत बसावं लागतं, म्हणून सगळे थांबतात. मग ताम्रपर्णीचं पाणी निवळतं, तांबडी माती पायाखाली कोरडी लागते, आणि एखाद्या सकाळी मिस्त्री दोरी, खुंट्या आणि फक्कीची पाटी घेऊन प्लॉटवर येतो. दुपारपर्यंत मातीवर पांढऱ्या रेषा उमटलेल्या असतात.

तुमचंही असंच काही चाललं असेल, खाली गाळे आणि वर फ्लॅट अशी चार मजली इमारत मनात असेल, तर आखणी झाल्यावरची एक सकाळ या रेषांसाठी राखून ठेवा. टिकाव पडण्याआधी एकटेच प्लॉटवर या. खिशात एक काडेपेटी आणि एक ब्लेड असू द्या. कोपऱ्यात रचलेल्या चिऱ्यांवर बसा. श्वास आपल्या गतीने चालू द्या. आज काही ठरवायचं नाही, फक्त पाहायचं आहे.

आधी रेषांच्या वरची रिकामी हवा पाहा. तिथे स्लॅब येणार आहे. पाच इंची स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर भरतं. दीडशे चौरस मीटरचा मजला धरला तर नुसता स्लॅब पंचेचाळीस टनांच्या पुढे जातो. त्यावर फरशी, विटांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, कपाटं, माणसं. असे चार मजले. हे सगळं वजन आत्ता डोळ्यांसमोर हवेत तरंगत आहे असं समजा. एरवी त्याला एकच ओढ असते, खाली येण्याची. तेवढं कॉलम सांभाळतात आणि ते काम त्यांना चांगलं जमतं.

आता बांधावरून चालणारी एक बाई मनात आणा. डोक्यावर गवताचा मोठा भारा आहे. ओल्या बांधावर तिचा पाय अचानक सरकतो. पाय पुढे जातात, भारा होता तिथेच राहू पाहतो, आणि त्या दोघांच्या मध्ये मान सापडते. भूकंपात इमारतीचं हेच होतं. जमीन पायाला घेऊन सरकते, वरचं वजन जागा सोडायला तयार नसतं, आणि मधले कॉलम ती मान होतात. भारा जितका जड, तितका मानेला हिसका मोठा. या चित्रापाशी थोडं थांबा. पुढचं सगळं त्यातूनच येणार आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर असंच सरकलं. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा तो धक्का. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे पडले. त्या घटनेनंतर भूकंपाच्या नकाशात कोयनेच्या परिसराचा विभाग बदलला. भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतल्या नकाशात कोयना चौथ्या विभागात आहे आणि आपला चंदगड तालुका तिसऱ्यात. तिसरा म्हणजे मध्यम धोका. घाबरण्याचं कारण नाही. पण इथे विचार न करता बांधायचीही मुभा नाही.

काडेपेटी बाहेर काढा. काड्यांचा खण ओढून बाजूला ठेवा. नुसतं टरफल तळहातावर आडवं ठेवा, एक उघडं तोंड तुमच्याकडे आणि दुसरं समोर. वरच्या पृष्ठाला एका बोटाने डावीकडून उजवीकडे हलकेच ढकला. ते सगळं एका अंगाला लवंडतं आणि चपटं होतं. जोर लावावा लागला नाही, नाही का? खाली मोकळं पार्किंग आणि वर भरलेले मजले अशा कॉलमवरच्या इमारतीचं दुखणं तुमच्या तळहातावर आहे.

टरफल पुन्हा सरळ करा. आता वरचं पृष्ठ आपल्यापासून दूर, उघड्या तोंडांच्या दिशेने ढकला. ते हलत नाही. काडी घासायच्या दोन पट्ट्या या दिशेत उभ्या आहेत आणि त्यांनी ते धरून ठेवलं आहे. त्या पट्ट्या म्हणजेच शिअर वॉल. पायापासून गच्चीपर्यंत अखंड उभी, सळ्यांनी विणलेली काँक्रीटची भिंत. तिचं काम खोल्या पाडणं नव्हे. आडवा धक्का घेऊन तो पायात नेणं, यासाठी ती आहे.

पण ती धरते तिच्या लांबीच्या दिशेनेच. तीन मीटर लांब आणि आठ इंच जाड भिंत घ्या. वाकण्याला तिचा लांबीच्या दिशेतला विरोध नऊ इंच बाय अठरा इंचाच्या एका कॉलमच्या अडीचशे पटींहून अधिक भरतो. तीच भिंत आडव्या अंगाने ढकलली तर ती त्या एकट्या कॉलमइतकीच. म्हणजे पूर्व-पश्चिम उभी केलेली भिंत दक्षिणोत्तर धक्क्याला जवळजवळ नसल्यासारखी, आणि धक्का कुठल्या दिशेने येणार हे आधी सांगून येत नाही. समोरच्या रेषांकडे पाहा. दोन्ही दिशांना कोणी उभं आहे का?

आता ब्लेड घ्या. या भागाला वेळ द्या, आजची सकाळ मुख्यतः यासाठीच आहे. टरफलाच्या एका बाजूची पट्टी कापून काढा, फक्त दोन्ही टोकांना अरुंद चिंधी राहू द्या, जणू कॉलम. दुसरी पट्टी शाबूत ठेवा. वरचं पृष्ठ पुन्हा आपल्यापासून दूर ढकला, अगदी हलकेच, आणि बोटाखाली काय घडतं ते पाहा.

ते नुसतं सरकत नाही. ते फिरतं. शाबूत पट्टी जागेवर राहते, कापलेली बाजू मात्र पुढे निघून जाते, दार बिजागरीवर फिरावं तसं. तुम्ही तर सरळच ढकललं होतं. हे वळण काडेपेटीच्या आतून आलं.

याचं कारण साधं आहे. मजल्याचं वजन जिथे एकवटलेलं मानता येईल तो एक बिंदू, साधारण स्लॅबच्या मध्यात. आणि भिंती-कॉलमचा ताठरपणा जिथे एकवटतो तो दुसरा बिंदू. धक्क्याचा जोर पहिल्या बिंदूतून जातो, त्याला अडवणारा जोर दुसऱ्यातून. दोन्ही एकाच ठिकाणी असतील तर इमारत सरळ हलते आणि सरळ परत येते. ते जितके लांब, तितकी ती वळते. बांधावरच्या बाईने भारा डोक्याच्या एका अंगाला कलता ठेवला असता तर? पाय सरकल्यावर तिच्या मानेला हिसका बसला असताच, वर पीळही पडला असता. पिळात सगळ्यांत जास्त सोसतो तो भिंतीपासून सगळ्यांत लांबचा कॉलम, म्हणजे ज्याच्याकडे विरोध करायला सगळ्यांत कमी आहे तोच.

निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथे २३ डिसेंबर १९७२ च्या मध्यरात्रीनंतर भूकंप झाला, साधारण आपल्या किल्लारीच्या भूकंपाएवढ्याच क्षमतेचा. तिथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर दोन उंच बँका उभ्या होत्या. अठरा मजली बँको दे अमेरिकाच्या बरोबर मध्यभागी काँक्रीटच्या भिंतींचे चार कोनाडे एकमेकांना बीमने जोडून उभे केले होते. पंधरा मजली बँको सेंत्रालमध्येही लिफ्ट आणि जिन्यांच्या भिंती होत्या, पण सगळ्या एका टोकाला. माती तीच, रात्र तीच, धक्काही तोच. मधल्या भिंतींच्या इमारतीचं नुकसान किरकोळ. टोकाच्या भिंतींची इमारत पिळवटली, आणि तिचं इतकं नुकसान झालं की जगभरचे इंजिनिअर आजही हे उदाहरण शिकतात. दोन्हीकडे काँक्रीटच्या भिंती होत्या, हे मनात घोळू द्या.

आता मान वर करून बाजाराकडे पाहा. चंदगडचा असो, नेसरीचा असो, गडहिंग्लजचा असो. कोपऱ्यावरचा प्लॉट सगळ्यांत महाग, कारण दोन्ही रस्त्यांना शटर लावता येतात. म्हणून दोन बाजू उघड्या. उरलेल्या दोन बाजूंना शेजाऱ्याची हद्द, तिथे विटांची भरीव भिंत, आणि त्याच मागच्या कोपऱ्यात जिना नि लिफ्ट. वीट कोणी हिशेबात धरत नाही, पण धक्क्याच्या वेळी तीही ताठर भिंतीसारखीच वागते. सगळा ताठरपणा मागच्या कोपऱ्यात आणि सगळा मोकळेपणा रस्त्याच्या कोपऱ्यात. ब्लेडने कापलेली काडेपेटी तीच ही.

माझ्या हातून हे झालेलं आहे. स्ट्रक्चरल डिझाइनच्या कामाची माझी सुरुवातीची वर्षं होती. एका तालुक्याच्या गावी असाच कोपऱ्यावरचा प्लॉट. मी रस्त्याच्या बाजूला एक भिंत दाखवली होती. तिच्यामुळे एका गाळ्याचं शटर जाणार होतं. चर्चा झाली, भिंत मागे लिफ्टजवळ गेली. एकूण भिंत तेवढीच राहिली म्हणून मी स्वतःची समजूत घातली, पुढचे कॉलम जाड केले आणि सही केली. इमारत उभी आहे, खाली दुकानं चांगली चालतात. कोयनेला सौम्य धक्का बसल्याची बातमी येते तेव्हा मला तो कोपरा आठवतो. नाही म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आय. एस. १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत याचं मोजमाप दिलं आहे. मजल्याचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या दीडपटीहून जास्त सरकत असेल तर ती इमारत वळणारी समजावी. दुपटीच्या पुढे गेलं तर मांडणीच बदलावी. जाड कॉलमची मलमपट्टी तिथे पुरत नाही. तळमजला मोकळा ठेवून शिअर वॉल दिल्या, तर आपल्या विभागात त्यांचं क्षेत्र प्रत्येक दिशेला मजल्याच्या किमान दोन टक्के असावं आणि त्या सगळीकडे नीट वाटलेल्या असाव्यात, असंही त्यात आहे. दीडशे चौरस मीटरला दोन टक्के म्हणजे तीन चौरस मीटर. आठ इंच जाडीने एका दिशेला पंधरा मीटर भिंत. ऐकताना पुष्कळ वाटतं. पण बाजूच्या हद्दी, जिना, लिफ्ट, दोन गाळ्यांमधली भिंत, सगळीकडे आधीच काही ना काही बांधलं जाणारच असतं. त्यातलं कुठलं विटांचं आणि कुठलं काँक्रीटचं, हा प्रश्न वेळेवर विचारला तर बरीचशी लांबी तिथूनच निघते.

कुठे ठेवायच्या? पिळाला विरोध करायचा तर मध्यापासून लांब, कडांच्या जवळ, समोरासमोर. मध्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर भिंतीचा पिळाला विरोध चौपट होतो. मात्र अगदी कडेच्या भिंतीवर वजन कमी येतं आणि धक्क्यात तिचा पाया एका बाजूने उचलला जाऊ पाहतो, म्हणून तिथे फुटिंगचा विचार वेगळा करावा लागतो. आणि भिंत मधल्या मजल्यावर सोडायची नाही. वर फ्लॅटमध्ये भिंत आणि खाली पार्किंगमध्ये नुसते दोन कॉलम, म्हणजे नदीपर्यंत नेलेला पाट ऐन काठावर बुजवून टाकणं.

आणखी एक बारकी गोष्ट, ती नेहमी सुटते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. खाली मोकळं पार्किंग हे मोठं कारण. तिथे लिफ्टच्या काँक्रीटच्या भिंती अनेक ठिकाणी होत्या, पण त्या इमारतीला बाहेरून चिकटलेल्या. स्लॅबच्या थोड्याशा पट्ट्यांनी आणि मोजक्या सळ्यांनी जोडलेल्या. धक्क्यात स्लॅब तुटून सुटला. तेव्हा भिंत कुठे आहे एवढंच नव्हे, मजल्याचा हात तिच्यापर्यंत पोचतो का, हेही पाहा. लिफ्टच्या तीन बाजूंना जिना, डक्ट आणि बाहेरची हवा असेल तर भिंतीला धरणार कोण?

आता उठा. पाय बधिर झाले असतील, सावकाश. मागच्या कोपऱ्यात जा, लिफ्टच्या चौकोनात उभे राहा. इथून दक्षिणोत्तर जाणाऱ्या भिंतींवरून चालत जा, पावलं मोजा. मग पूर्व-पश्चिम. मग तिरपे चालत रस्त्याच्या कोपऱ्यावर या, जिथे दोन शटर भेटणार आहेत, आणि मागे वळून पाहा. तुमच्या डोक्यावर चार मजले आहेत. या बाजूला त्यांना धरायला काय आहे?

मिस्त्री आठला येतो, अजून तासभर आहे. दोन गाळ्यांच्या मधल्या रेषेवर सात-आठ फूट काँक्रीटच्या भिंतीला जागा निघते का, ते पावलांनी मोजून पाहा. निघत असेल तर आज खणू नका असं त्याला सांगा आणि इंजिनिअरला बोलावून घ्या. फक्की पायाने पुसता येते. पाटी तिथेच, खुंटीजवळ ठेवलेली आहे.